शेवटची तारीख एकट्या तिलाच का?

प्रति,
वंचितांच्या शिक्षण-प्रशिक्षणाच्या योजना आखणारे, त्यांचे अर्ज तयार करणारे आणि ते मंजूर-नामंजूर करणारे
भोपाळ व दिल्ली येथील सर्व अधिकारी



मी जबलपूरला अधारताल भागात राहते. माहेर नागपूरचे. १९८४ साली लग्न होऊन इथे आले, तीस वर्षे शाळेत शिकवले आणि निवृत्त झाले. गेली नऊ वर्षे जुलै ते ऑक्टोबर आमच्या व्हरांड्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक जुना लॅपटॉप मांडलेला असतो. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुली तिथे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येतात. काही गोहलपूरकडून पायी येतात, काही ऑटोचे पैसे वर्गणीने जमवून. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मिळून हे काम करतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या जंगलातले तेंदूपान आमच्या गल्लीत येते त्याच जंगलाच्या दुसऱ्या टोकाला गोंदिया-भंडारा आहे, आणि विडी वळायला सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई कामठीला, सिन्नरला, सोलापूरलाही हीच आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. विडीच्या धंद्याने ती वाटणी कधी मानली नाही. तुमच्यापैकी बरेच जण मराठी वाचतात. हिंदी प्रत वेगळी पाठवते आहे.

तक्रार सांगण्याआधी एक मान्य करते. योजना नाहीत असे मी म्हणणार नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथीला वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते आठवीला १,५००, नववी-दहावीला २,०००, अकरावी-बारावीला ३,०००, आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा पदवीला ६,००० आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,०००. ही शिष्यवृत्ती मिळाली म्हणून नर्सिंगला गेलेली मुलगी मी पाहिली आहे. म्हणूनच ती ज्यांना मिळत नाही त्यांच्याबद्दल बोलण्याचा मला अधिकार वाटतो.

गेल्या ऑक्टोबरमधली एक मुलगी सांगते. अकरावीला, वाणिज्य शाखा, दहावीला ७८ टक्के. घरात तीन बायका विडी वळतात: आजी, आई आणि काकू. खरे तर आता दोघीच, कारण आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे आणि तिला पानाची शीर दिसत नाही. पण विडी कामगाराचे ओळखपत्र घरात एकच आणि ते आजीच्या नावाचे. सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा कंत्राटदार, तंबाखू आणि पाने तोलून देतो, संध्याकाळी विड्या मोजून घेतो, छाट म्हणून खराब विड्या बाजूला काढतो आणि दोघींच्या विड्या आजीच्या नावावर लिहितो. सरकारी कागदावर जिला दिसत नाही ती विडी वळते आहे, आणि जी सकाळी सहापासून पाने कापते ती कुठेच नाही. योजना कामगाराच्या मुलांसाठी आहे, नातीसाठी नाही. अर्ज भरण्याआधीच संपला.

आईच्या नावाचे कार्ड करावे म्हणून आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितले, मालकाचा दाखला आणा. मालक म्हणजे कोण? कारखाना तिने आयुष्यात पाहिलेला नाही. तिच्या दृष्टीने मालक म्हणजे सट्टेदार. सट्टेदाराने हात जोडले: नाव लिहून दिले तर भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस सगळे मागे लागेल, आणि वरचा माणूस माझा सट्टा काढून घेईल. त्याच्या भीतीतही खोटे काही नव्हते. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला आईच्या पाच-सहाशे विड्या बुडाल्या. ३१ ऑक्टोबर उलटला.

घरी बसून विडी वळणारी बाईही कामगारच आहे, हे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने स्पष्ट लिहिले होते. त्या काळाच्या मानाने ती मोठी गोष्ट होती. घरातल्या ओसरीवर बसून केलेल्या कामालाही कायद्याने काम मानले होते. तो कायदा आता श्रमसंहितेत सामावून घेतला आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. माझी पहिली विनंती इथेच आहे. विडी वळणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्या स्वतःच्या नावाचे ओळखपत्र द्या, आणि ती कामगार आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावरून काढून घ्या. कोणत्या सट्टेदाराला किती हजार विड्यांची पाने दिली याचा हिशेब कारखानदाराकडे असतोच. एवढ्या विड्या कोणत्या हातांनी वळल्या, हे त्याने सांगावे. आणि तुमचा माणूस एक दुपार गल्लीत येऊन बसला, तर बोटांच्या टोकांवरून कोण विडी वळते ते त्याला कळेल. तेंदूपानाचा आणि तंबाखूचा तो रंग धुऊन जात नाही.

नावांचे वेगळेच दुखणे आहे. आधारवर नावापुढे बाई, शाळेच्या दाखल्यावर देवी, बँकेत नुसतेच नाव. किंवा एकीकडे बी, दुसरीकडे बानो. माणूस एकच, गल्लीला ठाऊक, शाळेला ठाऊक. संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात. त्यातून मंजूर झालेले पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. एका मुलीचे पैसे आले होते, पण ज्या खात्यात आले ते तिच्या शाळेने सहावीत उघडलेले होते आणि व्यवहार नाही म्हणून बंद पडले होते. ते सुरू करायला बँकेच्या एका शाखेने तिला चार वेळा बोलावले. चौथ्या वेळी ती गेली नाही. तिने अर्जाचे कागद मला परत दिले आणि म्हणाली, आंटी, रहने दीजिए. अठरा वर्षांची मुलगी इतक्या शांतपणे हे म्हणते तेव्हा शिक्षिकेच्या मनात काय होते ते मी कसे लिहू?

आणि आता शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर एकदाच करायची नोंदणी आली आहे, त्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. घरात स्मार्टफोन एक. तो वडिलांकडे, वडील मालवाहू गाडीवर कटनीला. फोन रात्री येतो, तेव्हा पोर्टल फिरत राहते. बनावट अर्ज थांबावेत म्हणून हे केले, हे मला पटते. सरकारी पैसा चोरीला जाऊ नये असे मलाही वाटते. पण चोर अडवायला बांधलेल्या भिंतीला जी मुलगी धडकते तिची मोजणी कुणाकडे आहे? किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कारणाने, हे जिल्हावार दरवर्षी जाहीर करा. शाळेने पडताळणीच केली नाही म्हणून पडून राहिलेले अर्ज वेगळे दाखवा. आज नापास झालेल्या अर्जावर नाव मुलीचे दिसते. नापास शाळा झालेली असते.

पैशाबद्दलही बोलायला हवे. नववीतल्या मुलीचे २,००० रुपये वर्षाला वाटले तर दिवसाला साडेपाच रुपयेही पडत नाहीत. आठवीपर्यंत शिक्षण हक्काचा कायदा तिच्या पाठीशी असतो, तो चौदाव्या वर्षी हात सोडतो. नेमक्या त्याच वयात तिची बोटे विडीवर चपळ होतात. दहा वर्षांच्या मुलीला पान नीट कापता येत नाही. चौदा वर्षांची आईच्या बरोबरीने वळते. तिला शाळेत पाठवणे म्हणजे घरातले एक जोडी हात कमी करणे, आणि हा हिशेब आईला बाराखडीशिवाय येतो. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकाम मुलांना बंद केले, पण घरातल्या घरात कुटुंबाबरोबर केलेले काम मोकळे ठेवले. विडी मात्र वळली जात होती ती घरातच. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांच्या सगळ्यांना शिक्षण देण्याची भाषा आहे. मग नववी ते बारावीची रक्कम तरी बुडणाऱ्या मजुरीच्या जवळपास न्या, आणि ती वर्षअखेरीला एकदम न देता महिन्याच्या महिन्याला द्या. किराणा महिन्याचा असतो.

पैसा कुठून आणायचा, असे तुम्ही विचाराल. हा प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून जरा थांबून उत्तर देते.

१९७६ साली संसदेने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि त्याच्या जोडीला विडीच्या धंद्यावर उपकर बसवला. तो पुढे हजार विड्यांमागे पाच रुपयांपर्यंत गेला. दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या हे सगळे त्याच निधीतून चाले. म्हणजे जी बाई विडी वळते तिच्याच विडीतून तिच्या मुलीची फी निघत होती. रक्कम थोडी होती, पण ती तिची होती. अर्थसंकल्पाच्या वेळी कुणापुढे पदर पसरायचा नव्हता. जीएसटी आला आणि जुलै २०१७ पासून हा उपकर गेला. आता योजना सर्वसाधारण अर्थसंकल्पातून चालते, आणि ज्याचा हक्काचा स्रोत तुटला त्याला दरवर्षी रांगेत उभे राहावे लागते. दरम्यान विडीवर २८ टक्के कर बसला होताच. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने तो १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर. धंदा टिकला तर बायकांची मजुरी टिकेल, हे कारण मी समजू शकते. पण विडीवरून जो कर अजूनही सरकारजमा होतो, त्यातला एक ठरावीक हिस्सा पुन्हा या मुलांच्या नावाने बाजूला काढायला काय हरकत आहे?

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे, हा त्यांच्या निवेदनाचा गाभा. ते निवेदन मी शाळेत मुलांना शिकवले आहे. त्यांच्या मागणीत दया कुठेही नव्हती, जमाखर्च होता. आमच्या गल्लीतल्या बायकांची मागणीही जमाखर्चाचीच आहे. देशात विडी कामगारांची सरकारी नोंद सुमारे ५० लाखांची आहे आणि त्यात बायकाच बहुसंख्य आहेत. नोंद नसलेल्या कितीतरी, त्या आजीच्या सुनेसारख्या.

आता माझे मुख्य म्हणणे.

या सगळ्या व्यवहारात मुदत फक्त एका बाजूला आहे. दहावीपर्यंतच्या अर्जाला साधारण ३१ ऑगस्ट, पुढच्यांना ३१ ऑक्टोबर. तारीख चुकली की वर्ष गेले. पण शाळेने पडताळणी किती दिवसांत करायची? ओळखपत्र किती दिवसांत द्यायचे? पैसे खात्यात कधी पडायचे? फेब्रुवारीत पडले काय, पुढच्या सप्टेंबरात पडले काय, कुणाला जाब नाही. मुलीने मात्र जूनमध्ये फी भरलेली असते, बहुतेक वेळा सट्टेदाराकडून उचल घेऊन. ती उचल फिटेपर्यंत आई दुसऱ्या सट्टेदाराकडे जाऊ शकत नाही. तुमच्या एका फाइलीचा उशीर तिथपर्यंत जाऊन पोचतो.

हे उलटे करता येते, आणि याच राज्याने ते करून दाखवले आहे. १९९७ मध्ये मध्य प्रदेशात शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जिथे ४० मुले आहेत, आदिवासी भागात २५, त्या वस्तीने मागणी केली की ९० दिवसांत शाळा द्यायला सरकार बांधील. त्या शाळांत उणिवा होत्या. गुरुजींना मिळणारे मानधन अपुरे होते, कित्येक ठिकाणी छप्पर नव्हते. तरी मंडला-डिंडोरीच्या पाड्यांवर लोक ९० दिवस मोजत बसले होते. सरकारला मुदत घालून देता येते, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवले. पुढे २०१० मध्ये लोकसेवांच्या हमीचा कायदा करणारे मध्य प्रदेश हे देशातले पहिले राज्य ठरले. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळाला नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त ५,०००, आणि ती रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. उत्पन्नाचा दाखला काढायला आम्ही लोकसेवा केंद्रात जातो तेव्हा हातात पावती पडते आणि पावतीवर तारीख असते. ती तारीख बघून आईचा चेहरा बदलतो. कुणीतरी तिला दिवस कबूल केलेला असतो.

शिष्यवृत्ती केंद्राची आणि हा कायदा राज्याचा, हे मला कळते. म्हणून दोघांना मिळून सांगते. केंद्राने आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहावे की ओळखपत्र ३० दिवसांत, शाळेची पडताळणी १५ दिवसांत, पैसे ९० दिवसांत. उशीर झाला तर भरपाई मुलीच्या खात्यात. राज्याने शाळांची पडताळणी हमीच्या कायद्याखाली आणावी. आणि मुलीने एकदा अर्ज केला, तो मंजूर झाला, की बारावीपर्यंत तिला पुन्हा अर्ज करायला लावू नका. ती पास झाल्याची नोंद शिक्षण खात्याकडे आहे, कुटुंबाची नोंद समग्र आयडीत आहे. दोन खात्यांनी आपसात बोलावे. दोन कार्यालयांमधले अंतर आजवर त्या मुलीने चालून भरून काढले आहे.

प्रशिक्षणाबद्दल थोडेच लिहिते, पण ते मनापासून.

विडीचा धंदा कमी होत जाणार, म्हणून या बायकांना दुसरे कौशल्य शिकवा, असे सगळे म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण शिकवले काय जाते? शिवण, मेंदी, ब्यूटी पार्लर. एका प्रशिक्षण केंद्राने आमच्या तेरा मुलींना तीन महिने शिवण शिकवून प्रमाणपत्रे दिली. त्यातल्या दोघींकडे शिवणयंत्र होते. बाकीच्या अकरा जणी पुन्हा सुपापुढे बसल्या आणि त्यांच्या आया मला म्हणाल्या की तीन महिन्यांची मजुरी गेली. त्यांना मी काय उत्तर देणार होते?

या शहरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आहे, १९६९ पासून लष्करी वाहनांचा आहे. मुली त्यांच्या भिंतींशेजारून रोज जातात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अशा कारखान्यांत विद्यावेतन घेऊन शिकता येते, हे आमच्या टेबलावर आलेल्या एकाही मुलीला आधी कुणी सांगितलेले नव्हते. सांगितल्यावर पहिला प्रश्न येतो, लडकियाँ भी? हो, मुलीसुद्धा. पण त्यासाठी बहुतेक वेळा आयटीआय हवे, आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांसाठी दहावी हवी, दहावीसाठी ते साडेपाच रुपये. राज्याची ‘सीखो कमाओ’ योजना चांगली आहे. शिकताना महिन्याला ८,००० ते १०,००० रुपये मिळतात. तिची अट किमान बारावी किंवा आयटीआय. आठवीत शाळा सुटलेली बावीस वर्षांची विडीवाली तिच्या दारातही येऊ शकत नाही, आणि सगळ्यांत मोठी गरज तिचीच आहे. तिच्यासाठी वेगळी पायरी बांधा: गल्लीच्या जवळ, दुपारी दोन ते पाच, लहान मूल सोबत आणता येईल अशी, पहिल्या दिवसापासून विद्यावेतन देणारी, आणि त्याच वेळी तिला मुक्त शाळेतून दहावीला बसवणारी. नापास झालेल्यांना पुन्हा परीक्षेला बसवणारी ‘रुक जाना नहीं’ योजना इथे २०१६ मध्ये सुरू झाली. त्या वाटेने दहावी झालेल्या आमच्या चार मुली आहेत. म्हणजे वाट नवी काढायची नाही, आहे ती जोडायची आहे.

जबलपूरची एक जुनी आठवण आहे. इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या ठगांविरुद्धच्या मोहिमेत माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी इंग्रजांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस इथे उद्योगशाळा काढली होती. तिथे तंबू आणि गालिचे करायला शिकवत. माल चांगला होता, नाव झाले. पण काय शिकायचे, कुठे राहायचे हे शिकणाऱ्यांनी ठरवायचे नव्हते. त्यांना सुधारायचे होते. आमच्या मुलींकडे तुम्ही त्या नजरेने पाहू नका, एवढे मागणे आहे. अभ्यासक्रम ठरवण्याआधी त्यांना विचारा. इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, लॅब टेक्निशियन, हिशेबनीस: हे शब्द त्यांनीच आमच्या टेबलावरच्या वहीत लिहिले आहेत, स्वतःच्या अक्षरात.

त्या अकरावीच्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती शाळेत जाते. आम्ही तिघींनी मिळून फी भरली. पण आमच्यासारख्या तीन म्हाताऱ्या बायका प्रत्येक गल्लीत नसतात, आणि मला ती फी भरायची नव्हती. मला तिचा अर्ज मंजूर झालेला पाहायचा होता. आईच्या कार्डासाठी आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे. त्याची पोच मिळाली, तारीख मात्र लिहिलेली नाही.

जुलैत टेबल पुन्हा मांडू. तुमच्यापैकी कुणी जबलपूरला आलात तर शनिवारी दुपारी या. त्या दिवशी गर्दी जास्त असते आणि पोर्टल कसे चालते ते मुलींच्या खांद्यावरून पाहता येईल. उत्तर पाठवणार असाल तर हिंदीत पाठवा, म्हणजे मी ते तिथेच वाचून दाखवीन.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
अधारताल, जबलपूर